प्रवरेच्या उगमाकडे, दोघांच्या चालीने

निवृत्तीची तारीख जवळ आली की घरात आणि कार्यालयात एकच वाक्य ऐकू येऊ लागते, “आता आराम करा.” सत्काराच्या शाली कपाटात जातात, सकाळचा डबा बंद होतो आणि दिवस अचानक लांबलचक होतो. आराम पहिले दोन महिने गोड लागतो. त्यानंतर गुडघे आखडतात, साखर वाढते आणि घरातली दोन माणसे एकमेकांच्या अंगावर आल्यासारखी वावरू लागतात. आमच्या घरी याहून वेगळे काही घडले नाही.

आम्ही संगमनेरचे. आमच्यापैकी एकीने ३१ वर्षे जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत उभे राहून मुलांना शिकवले. दुसऱ्याने पाटबंधारे खात्यात प्रवरेच्या पाण्याचे हिशेब लिहिले. भंडारदऱ्यातून किती पाणी सुटले, ओझरच्या बंधाऱ्यावर किती पोहोचले, कालव्याचे आवर्तन किती दिवस चालले, यातच त्याची नोकरी संपली. आज आमची वये ६१ आणि ६३ आहेत. एकीचा उजवा गुडघा झिजला आहे, दुसऱ्याला १४ वर्षांपासून मधुमेह आहे. डोंगर चढणारी जोडपी कशी असावीत, याची कल्पना केली तर तिच्यात आम्ही बसत नाही.

चालण्याची सुरुवात डोंगरासाठी झालीच नव्हती. उमराहला जायचे ठरले तेव्हा आधी जाऊन आलेल्यांनी बजावले होते, “चालण्याचा सराव करा.” सफा-मरवाच्या सात फेऱ्यांचेच सुमारे तीन किलोमीटर होतात. तवाफ आणि मुक्कामापासून हरमपर्यंतची ये-जा वेगळी. म्हणून चार महिने आधीपासून रोज फजरनंतर नदीकाठाने चालू लागलो. तिकडे गेल्यावर पाहिले, तर सत्तरी ओलांडलेली माणसे, काठी टेकणाऱ्या बाया, हिराच्या गुहेचा डोंगर थांबत थांबत चढत होत्या. परत आल्यावर चालणे सोडावेसे वाटले नाही. मग एक दिवस प्रश्न पडला, ज्या नदीच्या काठाने आपण रोज चालतो, तिचे पाणी आयुष्यभर प्यायलो, तिच्या उगमाकडे कधी गेलो का?

प्रवरा उगम पावते ती आमच्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील रतनगड-कुलंगच्या डोंगररांगेत. त्याच तालुक्यात कळसूबाई आहे, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. तेथेच हरिश्चंद्रगडही आहे. जन्मभर शेजारच्या तालुक्यात राहून या तिन्ही ठिकाणी आम्ही फक्त बोट दाखवले होते. तिन्ही चढायची ठरवली.

पेमगिरीवरची तालीम

एकदम मोठ्या डोंगराला हात घालायचा नव्हता. संगमनेर तालुक्यातच पेमगिरीचा किल्ला आहे. शहाजीराजांनी निजामशाहीच्या अखेरच्या काळात मूर्तजा नावाच्या बालराजाला गादीवर बसवून राज्याचा कारभार चालवला, तो याच गडावरून असे सांगतात. १६३६ मध्ये निजामशाही संपली. गड मात्र शांतपणे उभा आहे, आणि गावाजवळचा अवाढव्य वडही. आठवड्यातून दोनदा आम्ही तेथे जाऊ लागलो. पहिल्या दिवशी सहा वेळा बसलो. तिसऱ्या महिन्यात न बसता वर पोहोचलो. मग पाठीवर प्रत्येकी तीन लिटर पाणी घेऊन चढू लागलो.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. मांडीचे स्नायू बळकट करा, म्हणजे गुडघ्यावरचा भार कमी होईल. आणि उतरताना दोन्ही हातांत काठ्या ठेवा, कारण गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो. खुर्चीवर बसून पाय सरळ वर धरण्याचा व्यायाम रोज दोन वेळा, प्रत्येक पायाला वीसदा. तो अजूनही चुकत नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी साखरमापक यंत्र जवळ ठेवायला सांगितले, कारण मधुमेहाच्या काही गोळ्या आणि मोठे श्रम एकत्र आले की साखर एकदम खाली येऊ शकते.

पेमगिरीवरच आम्ही एक नियम केला. दोघांपैकी एकाने “नको” म्हटले की ते दोघांचे “नको”. कारण विचारायचे नाही, समजूत घालायची नाही, तेथूनच मागे फिरायचे. नियम करताना तो अगदी सोपा वाटला होता.

मुलीला फोनवर सांगितले तेव्हा ती आधी हसली, मग रागावली. “अब्बा, अम्मीचा गुडघा कसा आहे माहीत आहे ना? काही झालं तर आम्ही लोकांना काय सांगायचं?” शेजारच्या एका खाला म्हणाल्या, “या वयात तसबीह घेऊन बसावं, शिड्या काय चढताय!” आम्ही वाद घातला नाही. मुलीला डॉक्टरांचे कागद पाठवले, बरोबर गावचा वाटाड्या असेल हे सांगितले आणि किती वाजता कोठून फोन करू, हे लिहून दिले.

कळसूबाई

जानेवारीत बारी गावात एका महादेव कोळी कुटुंबाकडे उतरलो. रात्री तांदळाची भाकरी, पिठले आणि ठेचा मिळाला. जेवणाबद्दल आमची काय पद्धत आहे, हे घरच्या बाईंनी स्वतःहून विचारले आणि अंडी चालतील म्हटल्यावर सकाळसाठी चार उकडून दिली. फजर पढून उजाडताना निघालो. तरुण पोरे तीन तासांच्या आत वर जातात. आम्हाला पाच तास लागले.

भाताची खाचरे संपली की चढ सुरू होतो तो थांबतच नाही. कातळ जेथे उभा आहे तेथे लोखंडी शिड्या लावल्या आहेत. शिडीला आधी घाबरलो ते उंचीमुळे नव्हे, तर पायऱ्यांमधल्या मोकळ्या जागेतून खालची दरी दिसत होती म्हणून. वाटाड्याने सांगितले, “बाई, खाली नका पाहू, पुढच्या पायरीकडं पाहा. दोन्ही हात कठड्याला.” काठ्या पाठपिशवीला बांधल्या आणि एकामागून एक चढलो. कपड्यांचाही विचार आधीच केला होता. घोळदार सलवारीऐवजी घोट्याला घट्ट बसणारी सलवार, गुडघ्याखालपर्यंत कुर्ता, आणि दुपट्ट्याऐवजी पिनांनी नीट बसवलेला स्कार्फ, म्हणजे वाऱ्यात शिडीला अडकायला काही उरत नाही. झाकलेल्या अंगाने डोंगर चढता येत नाही, असे ज्या बहिणींना वाटते त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिले आहे.

वाटेत वाटाड्याने शिखराच्या नावाची कथा सांगितली. कळसू नावाची एक मुलगी एका घरी कामाला राहिली. तिची अट होती, भांडी घासणार नाही आणि झाडलोट करणार नाही. एक दिवस घरच्यांनी तिला तीच कामे सांगितली, तेव्हा ती निघून डोंगरावर गेली आणि तेथेच राहिली. कथा संपल्यावर आमच्यापैकी एक इतकी हसली की थांबून पाणी प्यावे लागले. “३४ वर्षं भांडी घासली, तेव्हा कुठं हा डोंगर मिळाला,” ती म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या घरी रात्रीची भांडी दुसरा घासतो. डोंगरावरून खाली आणलेली ही एक वस्तू.

माथ्यावर छोटे मंदिर आहे आणि भोवती सगळा सह्याद्री. एका बाजूला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन गड, खाली भंडारदऱ्याचा जलाशय, दूर दक्षिणेला हरिश्चंद्रगड. ज्याने त्या जलाशयाचे आकडे आयुष्यभर लिहिले, तो बराच वेळ काही बोलला नाही. १९२६ साली पूर्ण झालेले हे धरण, त्याची साठवण ११ हजार दशलक्ष घनफुटांहून जास्त. कागदावर हा आकडा हजारदा लिहिला होता. वरून पाहिले तर डोंगरांच्या ओंजळीत ठेवलेले पाणी दिसत होते.

उतरताना एका सपाट जागी जोहर पढली. वुजूसाठी अर्ध्या लिटरची वेगळी बाटली ठेवतो. सावकाश वापरले तर तेवढ्या पाण्यात दोघांचे वुजू होते. संगमनेरहून बारी सत्तर किलोमीटरच्या आत येते, म्हणजे कसरची सवलत नाही. चार रकात चारच पढायच्या. वाटाड्या थोडा दूर बसून राहिला आणि वर येणाऱ्या पोरांना हाताने “हळू बोला” अशी खूण करत होता.

रतनगडाची शिडी

फेब्रुवारीत रतनगडाला गेलो. भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून रतनवाडीत पोहोचतो. तेथे अमृतेश्वराचे जुने, अप्रतिम कोरीवकामाचे दगडी मंदिर आहे. गावाबाहेर पडले की वाट प्रवरेच्या पात्राजवळून जाते, नदी ओलांडते, पुन्हा ओलांडते. संगमनेरला पुलावरून पाहावी लागणारी नदी येथे एवढीशी, की लहान मूलही उडी मारून पलीकडे जाईल. दोघांनी बूट काढून त्या पाण्यात पाय बुडवले.

पुढे घनदाट जंगल आणि खडा चढ आहे. गडाच्या शेवटच्या कातळाला शिड्या आहेत. त्यांच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. तेथे साखरेचा आजार असलेल्याचे हात कापू लागले, कपाळाला गार घाम आला. यंत्राने तपासले, ६२. नाश्ता नेहमीसारखा केला होता, गोळीही नेहमीचीच होती. शरीराने त्या दिवशी वेगळे वागायचे ठरवले होते. ग्लुकोजचे पाणी दिले, चार खजूर खाल्ले आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, ९४. थरथर थांबली, चेहऱ्यावर रंग आला.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. शिडी समोर होती. वरचा गणेश दरवाजा दिसत होता. गुडघा त्या दिवशी कुरकुरत नव्हता, आणि असे दिवस वर्षात मोजकेच येतात. “तू वाटाड्याबरोबर जाऊन ये, मी इथे सावलीत बसतो,” एकाने म्हटले. वाटाड्याही म्हणाला, “बाई, अर्ध्या तासाचं काम आहे.” तिने शिडीकडे पाहिले. पुढच्या वर्षी हा गुडघा शिडी चढू देईल की नाही, हे कोणीच सांगू शकत नव्हते, आणि ते तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होते. मग ती म्हणाली, “आपलं ठरलंय ना? चला, उतरा.”

उतरताना ती पुढे चालत होती आणि फारसे बोलली नाही. घरी आल्यावरही दोन दिवस घर शांत होते. ती शांतता रागाची नव्हती, पण सोपीही नव्हती. तिने सोडले ते तिच्यासाठी लहान नव्हते, आणि ज्याच्यामुळे सोडले त्याला ते कळत होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोंगराच्या दिवसासाठी गोळीचे प्रमाण बदलून दिले आणि दर तासाला काहीतरी खायला सांगितले. चढत असताना दर दोन तासांनी साखर तपासायची, हेही ठरले.

पावसाळा आला, गुडघा सुजला, तीन आठवडे पेमगिरीही बंद पडली. पण खुर्चीवरचा व्यायाम थांबला नाही. डिसेंबरमध्ये पुन्हा रतनवाडीत होतो. यावेळी शिडीच्या पायथ्याशी यंत्राने १३८ दाखवले. तिला पुढे जायला सांगितले. ती एकेक पायरी मोठ्याने मोजत चढली, शाळेत पाढे म्हणवून घ्यावेत तशी, आणि खालून दुसरा तिच्या मागे तेच आकडे म्हणत होता. दरवाजातून आत गेल्यावर पाण्याची टाकी लागतात. पुढे माथ्यावर कातळाला आरपार भोक पडले आहे. त्याला नेढे म्हणतात. सुईच्या नेढ्यासारखेच, पण आत माणसे बसतील एवढे. त्यात पाठीला पाठ लावून बसलो. एका बाजूने वारा आत येतो, दुसऱ्या बाजूने बाहेर जातो. खाली प्रवरेचे खोरे, त्यातली ती बारीक रेघ, आणि पुढे तिचाच झालेला जलाशय.

कोकणकडा

हरिश्चंद्रगडावर जायला अनेक वाटा आहेत. नळीच्या वाटेने जाणारे तरुण दोराची तयारी ठेवतात. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांब आहे. आम्ही पाचनईची निवडली, कारण ती इतर वाटांपेक्षा सोपी आहे आणि आम्हाला त्याच दिवशी अंधारापूर्वी खाली यायचे होते. सोपी म्हणजे आमच्यासाठी साडेतीन तास. वाट एका प्रचंड कातळभिंतीच्या पोटाखालून जाते. डोक्यावर दगडाचे छत असल्यासारखे वाटते.

वर हरिश्चंद्रेश्वराचे पुरातन मंदिर आहे, जणू एकाच दगडातून काढलेले. जवळ केदारेश्वराची गुहा आहे. तिच्यातले पाणी थंडगार, आणि छताला आधार देणाऱ्या चार खांबांपैकी एकच शाबूत उरला आहे. तेथून पश्चिमेकडे चालत गेले की जमीन अचानक संपते. हाच कोकणकडा. नुसता उभा नाही, तर आतल्या बाजूला वळलेला, एखाद्या प्रचंड वाटीचा अर्धा भाग कापून ठेवावा तसा. खाली कोकण. पावसाळ्यानंतर कधी दरीत धुके आणि पाठीशी सूर्य असला, तर धुक्यावर आपलीच सावली आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य दिसते. त्याला इंद्रवज्र म्हणतात. आम्हाला ते दिसले नाही, आकाश स्वच्छ होते.

कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे, आणि आपला किब्लाही पश्चिमेलाच. कड्यापासून चांगले मागे, सपाट जागी चटई टाकून जोहर पढलो. समोर भिंत नाही, झाड नाही, दुसरा डोंगर नाही. सलाम फेरल्यावर उठायची घाई कोणालाच नव्हती. पण दोन वाजता परतायचे असे घड्याळ बघून ठरले होते, आणि दोन वाजता उठलो. मगरिबच्या वेळी गावात होतो.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी

आमच्या वयाच्या कोणाला डोंगरात जावेसे वाटले तर काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आधी डॉक्टरांना दाखवा आणि नुसते “चालू का?” असे न विचारता “आठ तास चढ-उतार केला तर माझ्या औषधांचे काय होईल?” असे विचारा. जवळच्या टेकडीवर किमान तीन महिने सराव करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा. पावसाळ्यात कातळ निसरडा असतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत ऊन बाधते. गावातला वाटाड्या घ्या. त्याला वाट माहीत असते आणि त्याच्या घरी चार पैसे जातात. प्रत्येकी तीन लिटर पाणी, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, साखर-मिठाचे पाणी आणि विजेरी जवळ असू द्या. फोनला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून परतण्याची वेळ घरी लिहून ठेवा. मागे फिरायची वेळ सकाळीच ठरवा, आणि ती झाली की शिखर दहा मिनिटांवर असले तरी फिरा.

आणखी एक गोष्ट कोणत्याही यादीत नसते. नोकरी, मुले, पाहुणे, लग्ने यांच्या धबडग्यात ३४ वर्षांत आम्ही सलग आठ तास एकमेकांच्या बरोबर कधी काढलेच नव्हते. डोंगरात पर्याय नसतो. एकाचा श्वास लागला की दुसऱ्याने थांबायचे, दोघांची चाल म्हणजे जो हळू चालतो त्याची चाल. कधी तो एक असतो, कधी ती. घरात ज्या गोष्टींवरून आवाज चढायचे, त्यांतल्या काही चढावर दम लागल्यामुळे हळू आवाजात बोलल्या गेल्या आणि तेथेच मिटल्या.

त्या शेजारच्या खाला गेल्या महिन्यात आमच्याबरोबर पेमगिरीला आल्या. अर्ध्या वाटेवर बसल्या, तसबीह काढली, आणि म्हणाल्या, “तुम्ही या जाऊन, मी इथंच बरी.” नियमाप्रमाणे आम्हीही तेथेच बसलो. पुढच्या गुरुवारी त्यांना वडापर्यंत न्यायचे ठरले आहे. आणि घरोघरच्या मुलामुलींना एवढीच विनंती आहे, अब्बा-अम्मीला आराम करा म्हणण्याआधी एकदा त्यांच्या मापाचे चांगले बूट आणून द्या आणि पहिल्या टेकडीपर्यंत त्यांच्या चालीने चालून पाहा.